तेविसावा शेरा

नोकरीचं पत्र हातात पडलं त्या दिवसापासून धाकटीनं घरच्यांना जगणं नकोसं करून टाकलं. सुट्टी संपली की पाचवीचा वर्ग तिच्या ताब्यात येणार होता. आयुष्यातला पहिला वर्ग. मधले दोन महिने ती तयारी करणार होती, आणि तयारी म्हणजे काय, तर आई भाजी चिरायला बसली की हिनं समोर उभं राहून अपूर्णांक शिकवायचे. थोरला भाऊ कामावरून येऊन बूट काढतोय तोच त्याला विचारायचं, "सांग बरं, पानं हिरवीच का असतात?" दादा पोट धरून म्हणायचा, "बाई, पोटात दुखतंय, घरी जाऊ?" आई म्हणायची, "अरे, तू घरीच आहेस." दादा म्हणायचा, "तेच तर दुखणं आहे."

चेष्टा बाजूला ठेवली तर पोरगी कामाला वाघ होती. तीस पाठांची टाचणं तिनं लिहून काढली, तक्ते रंगवले, खडूची ओळ तिरकी जाऊ नये म्हणून कपाटाच्या पाठीवर रोज लिहून लिहून पुसलं. आणि या सगळ्याहून जास्त वेळ तिनं शेरेवहीला दिला.

शेरेवही ही त्या शाळेची जुनी रीत. वर्ग वरच्या इयत्तेत गेला की जुन्या वर्गशिक्षिकेनं नव्या वर्गशिक्षिकेला एक वही द्यायची. डावीकडे हजेरी क्रमांक आणि नाव, उजवीकडे त्या मुलाबद्दल एक शेरा. शेरा लिहायचा पहिलीच्या बाईंनी. पुढच्या प्रत्येकीनं तो नव्या वहीत स्वच्छ अक्षरात उतरवायचा, आणि आपलं काही वेगळं म्हणणं असेल तर खाली पेन्सिलीनं लिहायचं. पेन्सिल कुणी कधी उचलली नाही. आधीच्या बाईंनी लिहिलंय, त्यावर आपण कोण बोलणार, असा मान होता.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वही देताना म्हणाल्या होत्या, "हे पाठ कर. पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकशील तेव्हा सदतीसच्या सदतीस मुलं तुझ्या ओळखीची असतील. कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, सगळं आहे यात. आणि अर्धीची दहा नावं काढून ठेव."

पाचवीपासून त्या शाळेत दोन तुकड्या पडायच्या, पूर्ण आणि अर्धी. अर्धीला विज्ञान नव्हतं, गणित निम्मं, पुस्तकं निम्मी, उरलेला वेळ कागदाच्या टोपल्या विणायच्या. दहा मुलं अर्धीत जायची. कोणती, ते शेरेवहीवरून ठरायचं आणि यादीखाली वर्गशिक्षिकेची सही लागायची. सही केलेली यादी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वरच्या कचेरीत गेली नाही, तर त्या वर्षी तुकड्या पडणार नाहीत, असा नियम होता. तशी वेळ कधी आली नव्हती. अर्धीतून पूर्ण तुकडीत परत आलेलं मूलही कुणाच्या आठवणीत नव्हतं.

धाकटीनं वही पाठ केली. सदतीस कार्डं केली, पुढे बसणाऱ्यांची हिरवी, मागच्यांची लाल. जेवताना दादानं मध्येच "तेवीस?" असं विचारलं की ही घास गिळायच्या आत म्हणायची, "फळ्यावरचं उतरवत नाही. समज कमी. मागे बसवावे." आपली तयारी किती पक्की, याचा तिला अभिमान वाटायचा. पुढे या अभिमानाची तिला जेवढी लाज वाटली तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही.

शाळा उघडायला चार दिवस उरले तेव्हा ती पडदे शिवायला टाकायला गेली. पाचवीच्या खोलीला पश्चिमेला चार रुंद खिडक्या होत्या आणि दुपारचं ऊन थेट फळ्यावर यायचं. शाळा पडदे देत नव्हती, म्हणून तिनंच कापड आणलं होतं. शाळेच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याचं दुकान होतं. दोन मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कागदी नमुने. शिंपीकाकांनी कापड उलगडलं आणि म्हणाले, "दर खिडकीला दोन पट्टे लागतील बाई, मध्ये शिवण येईल. कापड थोडं कमीच पडतंय."

"कमी नाही पडत, बाबा." टेबलापलीकडून दहा वर्षांची मुलगी उठली. तिच्या गळ्यात मोजपट्टी होती. ती पट्टी म्हणे कायम तिथंच असायची, म्हणून गल्ली तिला टेपच म्हणायची. "कापड आडवं घ्या. पन्हा अठ्ठेचाळीस आहे. खिडकीची उंची बेचाळीस, दुमडपट्टीचे सहा, झाले की अठ्ठेचाळीस! दोन पट्ट्यांना शहाण्णव लागतात, आडव्याला अठ्ठ्याहत्तर पुरतात, म्हणजे दर खिडकीला अठरा इंच वाचतात. चार खिडक्यांचे बहात्तर. आणि मधली शिवणही जाते."

काकांनी मोजून पाहिलं. बहात्तर इंच वाचत होते.

धाकटी खूश झाली. "कितवीत गं तू?"

"पाचवीत जाणार."

"अरे वा, म्हणजे माझ्याच वर्गात. हजेरी क्रमांक?"

"तेवीस."

धाकटीच्या जिभेवर शेरा आला होता, तो तिनं कसाबसा परत गिळला. इतकी पक्की तयारी! तिनं काकांकडे पाहिलं. "हुशार आहे हो मुलगी."

"कसली हुशार, बाई," काका म्हणाले. "डोकं नाही तिला. शाळेनंच सांगितलंय, दर वर्षी बोलावून सांगतात. आता अर्धीत नाव येणार म्हणे. मग ती निम्मी पुस्तकं तरी कशाला वाहायची? नाव आलं की शाळा बंद, मशीनवर बसवतो. हातात कला तरी येईल." आज उकाडा आहे म्हणावं, इतक्या सहज ते बोलले. मुलगी शेजारी उभी राहून सुईत दोरा ओवत होती. तिनं हे पुष्कळदा ऐकलेलं असावं, कारण दोरा एका फटक्यात गेला.

"फळ्यावरचं उतरवतेस का गं तू?" धाकटीनं विचारलं.

टेपनं मशीनखालच्या खोक्यातून चौथीची वही काढून दिली. तारीख, सुविचार, गणितं, गृहपाठ, एक ओळ सुटलेली नव्हती. चौथीच्या फळ्याला उजव्या कोपऱ्यात चीर आहे, ती चीरसुद्धा तिनं प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात काढली होती. वहीत लाल शाईचा एक ठिपका नव्हता. वर्षभर ही वही कुणी तपासलीच नव्हती.

धाकटी तिथून तडक शाळेत गेली. शिपाईकाकांनी कुरकुरत कपाट उघडलं. "सुट्टीत कसल्या वह्या? झुरळांना तरी विश्रांती घेऊ द्या," म्हणाले. तिनं या वर्गाच्या पहिली ते तिसरीच्या शेरेवह्या आणि आपल्या पिशवीतली चौथीची टेबलावर ओळीनं मांडल्या आणि तेविसाव्या ओळीवर बोट ठेवलं. चौथी, टेप. तिसरी, टेप. दुसरी, टेप. पहिलीच्या वहीत मात्र तेविसाव्या ओळीत टेप नव्हती. तिथं होता एक मुलगा, जो आता बावीस क्रमांकावर होता. तीन वर्षं ओळीनं पहिला येणारा, ज्याला सगळी शाळा पहिला याच नावानं हाक मारायची, तो. आणि त्याच्यासमोर लिहिलं होतं, "फळ्यावरचं उतरवत नाही. समज कमी. मागे बसवावे."

मग तिनं पट्टी घेऊन एकेक ओळ ताडून पाहिली. पहिलीत अडतीस मुलं होती. अकराव्या क्रमांकाचा मुलगा बापाच्या बदलीमुळे शाळा सोडून गेला. दुसरीच्या बाईंनी नवी यादी केली तेव्हा त्याचं नाव गाळलं, आणि शेरे मात्र जुन्या वहीतून वरपासून खालपर्यंत जसेच्या तसे उतरवले. मक्षिकास्थाने मक्षिका! नावं एक ओळ वर सरकली, शेरे जागचे हलले नाहीत. अकरापासून खाली प्रत्येक मुलाच्या गळ्यात त्याच्या आधीच्याचा शेरा पडला. शेवटी अडतिसावा शेरा उरला, "शांत. काही त्रास नाही." त्याच्यासमोर नावच नव्हतं. एवढं झाल्यावर कुणालाही शंका येईल की नाही? दुसरीच्या बाईंना आली नाही. त्यांनी पट्टी लावून, छान सरळ रेघ मारून तो शेरा खोडून टाकला होता.

तिसरीच्या बाईंनी दुसरीचं उतरवलं, चौथीच्या बाईंनी तिसरीचं. तीन वर्षं सदतीसपैकी सत्तावीस मुलं दुसऱ्याच कुणाच्या शेऱ्यानं पुढे-मागे बसत होती, आणि तिन्ही बाईंपैकी एकीलाही ते कळलं नव्हतं. कळणार कसं? त्या वही बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी चारही वह्या घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई बुद्धीनं कमी नव्हत्या. दोन मिनिटांत त्यांच्या सगळं लक्षात आलं. आता या हादरतील, असं धाकटीला वाटलं. त्यांनी चष्मा पुसला.

"तीन वर्षांत एक तक्रार नाही आली," त्या म्हणाल्या.

"तक्रार कोण करणार, बाई? मुलांना तर वही दिसतच नाही."

"आणि मार्क बघ. अगदी शेऱ्याप्रमाणे आलेत."

"येणारच! पन्नास मार्कांची तोंडी परीक्षा असते, आणि मागच्या दोन बाकांना प्रश्नच विचारत नाहीत. चौथीच्या बाईंनी मला स्वतः सांगितलं. वही बघून मार्क टाकले की वेळ वाचतो म्हणाल्या!"

"आवाज खाली," मोठ्या बाई म्हणाल्या. मग थोड्या समजुतीनं, "हे बघ, तू नवीन आहेस, तुला प्रत्येक गोष्ट मोठी वाटते. चूक आहे ना? दुरुस्त करू. ज्याचा शेरा त्याला देऊन टाक. तुझी ती शिंप्याची मुलगी पूर्ण तुकडीत घे. आणि हा बावीस नंबर," त्यांनी नाव वाचलं, जरा थांबल्या, "हा अर्धीत जाईल."

"तो? अहो, तो पहिला येतो!"

"शेरा त्याचा आहे, असं तूच सांगत आलीस."

"पण तीन वर्षं पहिला आलेल्या मुलाची समज कमी कशी असेल?"

"मग शेरा खोटा म्हणायचं का? पहिलीच्या बाईंनी तीस वर्षं नोकरी केली आहे." मोठ्या बाईंनी वह्या एकावर एक रचून तिच्या पुढ्यात सरकवल्या. "एक तर वही मान, नाहीतर मानू नको. दोन्ही डगरींवर पाय ठेवू नकोस. परवा यादी जायची आहे. उद्या सकाळी दहा नावं आणि सही माझ्या टेबलावर हवी. आणि एक लक्षात असू दे, वर्षभर तुझी नेमणूक कच्ची आहे."

धाकटी बाहेर पडली ती तळपायाची आग मस्तकात घेऊन. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोर मुळात कुणी नव्हताच, आणि फाशीला दोन संन्यासी तयार ठेवले होते, हवा तो घ्या! तिला मोठ्या बाईंचा राग आला, त्या सरळ रेघेचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. एका मुलीला खड्ड्यातून काढायला गेली आणि दुसऱ्या मुलाला आत ढकलून आली. घरी तिची ती सदतीस कार्डं टेबलावर पत्ते मांडल्यासारखी पडली होती. दादानं सवयीनं विचारलं, "तेवीस?" तिनं सगळी कार्डं गोळा करून फाडली आणि केराच्या डब्यात टाकली. दादा त्यानंतर दिवसभर चेष्टा विसरला.

संध्याकाळी ती पडदे आणायला गेली. काका मापं घ्यायला कुणाच्या घरी गेले होते, टेप एकटीच पडद्यांना कड्या लावत बसली होती. धाकटीनं तिला सगळं सांगितलं. सांगावं की नाही, याचा विचार तिनं केला होता, पण ज्या शेऱ्यानं पोरीची तीन वर्षं खाल्ली तो तिचा नव्हता हे तिला न सांगणं म्हणजे पुन्हा तीच लबाडी झाली असती.

टेपनं कडी खाली ठेवली. "मग माझा कोणता?"

"'चौकस. हाताचं काम लवकर शिकते. पुढे बसवावे.'"

"चौकस म्हणजे?"

"खूप प्रश्न विचारणारी."

"मला तर कुणी प्रश्न विचारूच दिला नाही," टेप म्हणाली. रडली वगैरे नाही. बोटांवर काहीतरी मोजलं. "माझ्यावर आधीच्याचा आला. माझ्या आधीचा म्हणजे पहिला. म्हणजे तो शेरा त्याचा. मग आता त्याला मागे बसवणार?"

धाकटी पडद्याची घडी नीट करू लागली.

"नका बसवू, बाई. मागून त्याला फळा दिसत नाही."

"काय?"

"दिसत नाही. सगळं पुसट दिसतं त्याला. पहिलीत आम्ही दोघं शेवटच्या बाकावर होतो. तो माझ्या वहीतून उतरवायचा, मी त्याच्यासाठी ओळीवर बोट ठेवायचे. मग बाईंनी एकदा पाहिलं. म्हणाल्या, नक्कल करतो. त्याला वेगळ्या बाकावर नेलं, तोही मागचाच. मग कुठून उतरवणार तो? दुसरीत त्याला एकदम पुढे बसवलं, तेव्हा तो इतका खूश झाला होता!"

धाकटी पडद्यांच्या गठ्ठ्यावर बसली. "हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? सगळ्यांना माहीत आहे. वर्गातल्या सगळ्या मुलांना."

"बाईंना?"

"बाईंनी विचारलं नाही," टेप म्हणाली आणि पुढची कडी लावायला घेतली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार वर्षं, चार बाई, चार वह्या, पट्टी लावून मारलेल्या रेघा. आणि जे कळायला हवं होतं ते मागच्या बाकावर रोज हजर होतं, डबा खात होतं, मधल्या सुट्टीत पळत होतं. आपणही दोन महिने घरात बसून तीस पाठांची टाचणं काढली आणि या गल्लीत येऊन एकाही मुलाशी बोललो नाही, हे धाकटीला फार लागलं. ती पडदे घेऊन उठली तेव्हा तिला उद्या काय लिहायचं ते ठाऊक होतं. टेपला ती म्हणाली, "बाबांना सांग, मशीनला अजून वेळ आहे."

सकाळी मोठ्या बाईंच्या टेबलावर चारही वह्या आल्या आणि वर एक कागद. त्यांनी तो वाचला, उलटून मागची बाजू पाहिली.

"दहा नावं कुठं आहेत?"

"एकच आहे, बाई. क्रमांक बावीस. आणि ते अर्धीसाठी नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी आहे. त्याला लांबचं दिसत नाही. पहिलीत मागून फळा दिसला नाही म्हणून समज कमी ठरला. मग चुकून पुढे बसला, फळा दिसला, आणि पहिला आला. एवढंच झालंय. आपल्या चुकीनं त्याचं भलं झालं, आणि त्या शिंप्याच्या मुलीचं वाटोळं. आपल्या शहाणपणानं कुणाचंच काही झालं नाही."

 मोठ्या बाईंनी पहिलीची वही उघडून तो शेरा पुन्हा वाचला, आणि क्षणभर त्यांचा चेहरा पडला. पण फक्त क्षणभर. "ते चष्म्याचं बघू," त्या म्हणाल्या. "त्याला वगळ हवं तर. त्याच्याऐवजी दुसरं नाव घाल. यादी तर द्यावीच लागेल."

"कुणाचं घालू? मी एकालाही ओळखत नाही."

"वही आहे ना!"

"त्या वहीवर मी सही करणार नाही."

मोठ्या बाईंनी खण उघडून एक निळी फाईल काढली. त्यावर धाकटीचं नाव होतं. आत एकच कागद होता, आणि त्यावर रिकामी चौकट. "नव्या शिक्षिकेबद्दल मलाही शेरा लिहावा लागतो," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षाचा शेरा. तो तुझ्याबरोबर प्रत्येक शाळेत जातो, पुढे कुणी बदलत नाही. माहीत आहे ना?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

 दोन महिन्यांची टाचणं, तक्ते, चार खिडक्यांचे पडदे, सगळं त्या चौकटीच्या काठावर आलं होतं. पण धाकटीचा आवाज मात्र वर्गात लागतो तसा, खणखणीत आला.

"लिहा ना, बाई," ती म्हणाली. "फक्त माझ्याच नावासमोर लिहा."